बळकटीकरण, सक्षमीकरण की नुसता टेकू?

प्रश्न
पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाच्या आरोग्यसेवेवरचा एक अहवाल मराठीत करते आहे. ‘हेल्थ सिस्टिम स्ट्रेंग्थनिंग’ दर दुसऱ्या ओळीत येतं. सरकारी कागदांत याला ‘आरोग्य यंत्रणेचे बळकटीकरण’ म्हणतात. मला ते बोजड वाटतं. ‘सक्षमीकरण’ चालेल?

प्रतिसाद १
सक्षमीकरण नको. तो शब्द ‘महिला सक्षमीकरणा’ने अडवून ठेवलाय, त्यात हक्क मिळण्याची छटा आहे. ‘बळकटीकरण’ ‘शुद्धीकरणा’च्या साच्यातलं आहे, त्यात अशुद्ध काही नाही. ‘मजबुतीकरणा’त तर अरबीला संस्कृत शेपूट लावलंय, तेही आपण पचवलंच की! पण नाम हवंच कशाला? ‘आरोग्यव्यवस्था बळकट करणे’ लिहा, वाक्य आपोआप हलकं होईल.

प्रतिसाद २
‘यंत्रणा’बद्दल एक गंमत. हिंदीत आणि बंगालीत यंत्रणा म्हणजे यातना! संस्कृतातही जखडण्याचा, छळाचा अर्थ आहेच. बांगलादेशी वाचकाला ‘आरोग्य यंत्रणा’ म्हणालात तर तो ‘कुठे दुखतंय?’ विचारेल. माझं मत ‘व्यवस्था’ला. यंत्रणा म्हटलं की डोळ्यांपुढे खातं आणि अधिकारी येतात. औषधांचा पुरवठा, नोंदी, पैसा, माणसं हे सगळं व्यवस्थेत मावतं.

प्रतिसाद ३
शब्द कुठलाही घ्या, पण ‘मदत’ आणि ‘बळकटी’ यांची गल्लत होऊ देऊ नका. लायबेरियाचंच बघा. 1989 ते 2003 या काळातल्या यादवीने दवाखाने उद्ध्वस्त झाले, डॉक्टर देश सोडून गेले. 2014 मध्ये इबोला या जीवघेण्या तापाची साथ आली तेव्हा चाळीस लाखांवर वस्तीच्या देशात जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. नर्सना हातमोजे मिळेनात. लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन मिळून 11,000 हून जास्त माणसं गेली, त्यांत पाचशेवर आरोग्य कर्मचारी. आणि लोक दवाखान्याच्या धास्तीने बाळंतपणालाही तिकडे फिरकेनात, मुलांचं लसीकरण रखडलं. मग परदेशांतून तंबू, पथकं, विमानं आली. काही उपचार केंद्रं उभी राहीपर्यंत साथ ओसरलीही होती.

याला मी ‘टेकू’ म्हणेन. भिंत पडत असताना टेकू लागतोच, त्यात कमीपणा नाही. पण टेकू काढल्यावर भिंत उभी राहिली तरच बळकटी. 2016 मध्ये तिथे सरकारने दवाखान्यापासून 5 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या वस्त्यांसाठी त्याच वस्त्यांतले आरोग्य सहायक नेमायला घेतले. त्यांना प्रशिक्षण, औषधं, वर देखरेखीला नर्स, आणि दरमहा पैसे. तुमच्या अहवालात ही दोन्ही कामं एकाच इंग्रजी शब्दाखाली आली असतील, तर मराठीत ती वेगळी करा.

प्रश्नकर्ती
आलीच आहेत! आणि त्या सहायकांना मी ‘स्वयंसेवक’ लिहून बसले होते. त्यांना मिळतं ते मानधन म्हणू?

प्रतिसाद १
मानधन म्हणजे मान राखून दिलेलं थोडंसं. व्याख्यात्याला देतात ते. दरमहा ठरलेली रक्कम मिळत असेल तर सरळ ‘पगार’ लिहा.

प्रतिसाद ४
मी आशा कार्यकर्ती आहे, मध्येच बोलते. आम्हाला कामागणिक मिळतो तो ‘मोबदला’. ‘मानधन’ म्हणतात तेव्हा पैसा कमी का, हे विचारायची सोय राहत नाही, आणि ‘स्वयंसेविका’ म्हटलं की संपलंच. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बाहेरच्या देशांतले लोकही ते शिकायला येतात. त्यांनी या बायकांसाठी काय शब्द नेला असेल कोण जाणे. तुमच्या सहायकांना पगार असेल तर पगारच लिहा, ताई.

प्रश्नकर्ती
पगार. आणि तंबूंच्या प्रकरणात ‘तातडीची मदत’, सहायकांच्या प्रकरणात ‘व्यवस्था बळकट करणे’. ‘रेझिलियन्स’चा, म्हणजे संकटात टिकून राहण्याच्या ताकदीचा, धागा उद्या काढते, तिथे ‘लवचिकता’ लिहिलंय आणि ते डोळ्यांत खुपतंय.

प्रतिसाद २
‘तग’ बघा. दोन अक्षरांत काम होतं.