बायोमार्कर : जैवसूचक, जैवचिन्हक की नुसती खूण?

तापीकाठ : कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांच्या घरच्यांसाठी चार पानी माहिती मराठीत आणतोय. बायोमार्कर म्हणजे आजार ओळखायला मदत करणारी, शरीरात मोजता येणारी गोष्ट. त्याला 'जैवसूचक' लिहिलं. चोपड्याच्या मावशीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "जैविक खतातलं का?"

जुना मास्तर, धुळे : जैवसूचक शब्द आधीच गुंतलेला आहे. हवा स्वच्छ आहे का ते दगडफुलावरून कळतं, म्हणून त्याला जैवसूचक म्हणतात. आपल्या काळ्या मसाल्यातलं तेच दगडफूल. तुम्ही 'जैवचिन्हक' घ्या.

अमळनेरवाली : सर, चिन्हक कोण बोलतं? सरळ 'लक्षण' म्हणा.

तापीकाठ : लक्षण नकोच, ताई. वडिलांच्या वेळी लक्षणांनीच चकवलं. हालचाल मंद, अंग ताठ, म्हणून 2 वर्षं पार्किन्सन्सच्या गोळ्या. गुण नाही. सारखे पाठीवर पडायचे, पुढे ताटाकडे नजर वळेना, तेव्हा कुठे पीएसपी ठरलं, म्हणजे पार्किन्सन्ससारखाच दिसणारा मेंदूचा दुसरा आजार. पार्किन्सन्समध्ये मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन साठतं, पीएसपीत टाऊ नावाचं. पाठीतलं पाणी काढून अल्फा-सिन्युक्लिन तपासता येतं. त्याला शब्द हवाय.

केळीवाला, रावेर : मग 'खूण' म्हणा. केळीच्या पानावर पिवळे पट्टे आले की आम्ही म्हणतो हरण्या आला. ते लक्षण, तोवर उशीर झालेला असतो. पान हिरवंगार असतानाच लॅबवाले रोपात विषाणू शोधतात, ती खूण.

जुना मास्तर : खूण पटली म्हणजे शंका संपली, असा त्या शब्दाचा अर्थ. इथे तसं नाही. अल्फा-सिन्युक्लिन एमएसए या पार्किन्सन्ससारख्याच आणखी एका आजारातही असतं. रक्तातलं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन पार्किन्सन्सपेक्षा एमएसए-पीएसपीत जास्त वाढतं खरं, पण ते नुसती मज्जापेशींची झीज सांगतं, अल्झायमरमध्येही वाढतं. घरचे 'खूण' वाचतील आणि एका तपासणीवर विसंबतील.

अमळनेरवाली : हे पटलं. पण मग 'कंपवात' तरी कसा चालतो? माझ्या आजीचे हात 30 वर्षं कापले. पेला उचलला की कापायचे, मांडीवर ठेवले की शांत. "हात कापतस" एवढंच म्हणायची. पार्किन्सन्स नव्हताच तो. आणि दादा, तुमच्या वडिलांना कंप होता?

तापीकाठ : नव्हता. शीर्षकात मात्र मी कंपवातच लिहिलंय.

जुना मास्तर : राहू द्या. जेम्स पार्किन्सननेही 1817 मध्ये थरथरीवरूनच नाव दिलं होतं. आयुर्वेदातला शब्द टाकू नका.

अमळनेरवाली : सर, रुग्णाला फसवणारा शब्द जुना असला म्हणून काय झालं?

केळीवाला : मास्तर, हरण्या हरणावरूनच ना? आजोबा म्हणायचे, पान हरणाच्या अंगासारखं होतं.

जुना मास्तर : हरणाच्या अंगावर असे पट्टे कुठे? मला तो 'हरण' करण्यातला वाटतो. पीक हरून नेतो तो.

केळीवाला : नाही पटत. ऊन पडलेलं पान एकदा येऊन बघा.