घरातलेच चौघे आणि ब्रिजची टीम: जोड्या, पद्धत, सराव याबद्दल सल्ला हवा

जळगावची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सासरे (नाना), सासूबाई (आई), हे आणि मी असे चौघंही ब्रिज खेळतो. रोज रात्री जेवणं आटोपली की रबर ब्रिजचा डाव बसतो. येत्या हिवाळ्यात चौघांनी मिळून एखाद्या टीम-ऑफ-फोर (दोन जोड्या, दोन टेबलं, तीच पानं) स्पर्धेत उतरायचं ठरलंय. नाशिक-पुण्यापर्यंत जायची तयारी आहे.

अडचणी अशा. नाना आणि आई चार पानी मेजर (इस्पिक-बदाम चार पानांवर बोलणं) आणि १२–१४ गुणांचा कमजोर नोट्रम्प (बिनहुकमी बोली) खेळतात. आम्ही दोघं ऑनलाइन शिकलो, त्यामुळे पाच पानी मेजर आणि १५–१७. मग जोड्या कशा लावायच्या? सगळ्यांनी एकच पद्धत घ्यावी का? घरात टेबल एकच, त्यामुळे आपला स्कोअर चांगला की वाईट हे ताडून कसं बघायचं?

आणखी एक. नाना विचारात पडले की ‘हं’ म्हणतात, आईंनी जोरात ‘डबल!’ म्हटलं की पानं भक्कम असतात हे आम्हा सगळ्यांना कळतं. चुकून पडलेलं पान आम्ही एकमेकांना परत घेऊ देतो. स्पर्धेत यातलं काय चालतं, काय नाही?

---

तापीकाठ

वहिनी, पद्धतीचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. एका टीममधल्या दोन जोड्यांनी एकच पद्धत खेळायचं बंधन नाही. प्रत्येक जोडीचं स्वतःचं सिस्टिम कार्ड असतं आणि दोन्ही भिडूंच्या कार्डावर तेच लिहिलेलं असावं लागतं. नाना-आईंनी इतक्या वर्षांची पद्धत आता मोडू नये. कमजोर नोट्रम्प ही काही जुनाट चीज नाही, समोरच्यांना ती त्रासदायकच असते. फक्त एक लक्षात ठेवा: तुमच्या एका टेबलावर १३ गुणांना एक नोट्रम्प उघडला आणि दुसऱ्या टेबलावर त्याच पानांना समोरच्यांनी एक किलवर उघडला, तर तिथूनच दोन्ही टेबलांचे करार (शेवटी ठरलेल्या बोल्या) फाटतात. त्यात फायदा होतो तसा तोटाही होतो. टीम हरली की ‘तुमची पद्धतच चुकीची’ असं घरात कुणी म्हणू नये म्हणून हे आधीच सगळ्यांना ठाऊक असू द्या.

मात्र कधी नाना तुमच्याबरोबर आणि आई मुलाबरोबर बसणार असतील तर त्या अदलाबदलीसाठी तिसरं, अगदी छोटं कार्ड करा. पाच पानी मेजर, १५–१७, स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड (या ठरीव सांकेतिक बोल्या, म्हणजे कन्व्हेन्शन), ६–१० चे वीक टू (दोनची कमजोर सुरुवात). बस, तेवढंच. अर्धवट पाठ झालेली कन्व्हेन्शन ही नवख्या टीमची सगळ्यांत महाग चूक असते, कारण एक भिडू ती खेळतो आणि दुसरा विसरतो.

आता हिशेब, कारण रबरवाल्यांची खरी गाडी तिथे अडते. डुप्लिकेटमध्ये (तीच वाटलेली पानं सगळ्या टेबलांवर खेळतात तो प्रकार) पार्टस्कोअर, म्हणजे छोट्या कराराचे गुण, पुढच्या डावात जात नाही. दोन इस्पिक बरोबर केले की ६० अधिक ५० म्हणजे ११०, संपलं. ऑनर्सचे (हातातल्या मोठ्या पानांचे) गुण नाहीत. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेली बाजू) कोण ते बोर्डावर, म्हणजे पानं ठेवायच्या चार खिशांच्या पाटीवर, छापलेलं असतं, मागच्या डावावर ठरत नाही. बोर्ड १ ला कोणीच नाही, २ ला उत्तर-दक्षिण, ३ ला पूर्व-पश्चिम, ४ ला दोघंही. बोर्ड ५ पासून हाच क्रम एक घर पुढे सरकतो, म्हणजे ५ ला उत्तर-दक्षिण, ६ ला पूर्व-पश्चिम, ७ ला दोघं, ८ ला कोणी नाही. १६ बोर्डांत चक्र पूर्ण. पहिली बोली बोर्ड १ ला उत्तरेची, २ ला पूर्वेची, असं फिरत राहतं.

टीममध्ये तुमची एक जोडी एका टेबलावर उत्तर-दक्षिण बसते, दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर तीच पानं पूर्व-पश्चिमेची खेळते. समजा बोर्ड २. तुमच्या उत्तर-दक्षिणेनं चार इस्पिक केले: ६२०. दुसऱ्या टेबलावर समोरचे तीन इस्पिकात थांबले आणि दहा हात झाले: त्यांना १७०, म्हणजे तुम्हाला उणे १७०. फरक ४५०. आय.एम.पी. (टीममध्ये फरकावर मिळणारे गुण) च्या तक्त्यात ४३० ते ४९० ला १०. तुम्हाला १० आय.एम.पी.

आता याच डावात चार इस्पिक एक डाउन गेले असते आणि समोरच्यांनी तीन इस्पिक करून १४० घेतले असते तर फरक २४०, म्हणजे ६ गेले असते. मिळवायचे १० आणि घालवायचे ६, म्हणून टीममध्ये व्हल्नरेबल गेम (चार इस्पिकसारखा मोठ्या बोनसचा करार) सदतीस-अडतीस टक्के शक्यतेलाही बोलावा. नॉन-व्हलमध्ये मिळवायचे ६, घालवायचे ५, तिथे पंचेचाळीस टक्के तरी हवेत. रबर खेळणारे बहुतेक इथे दबून बोलतात.

---

बिनहुकमी, धुळे

हिशेब वरच्यांनी चोख सांगितला. मी पत्त्यांच्या खेळण्यातला फरक सांगते, कारण घरी खेळताना तो दिसतच नाही.

करार चार इस्पिक. हुकूम डमीत (भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत) राजा-नव्वी-चव्वी-दुर्री, हातात एक्का-गुलाम-छक्की-तिर्री. बाहेर पाच हुकूम आहेत, त्यात राणी आणि दश्शी. बाकीच्या रंगांत दोन हात जाणारच आहेत, म्हणजे हुकमात एक गेला तर चालतो, दोन गेले तर डाउन.

टीममध्ये असं खेळा: आधी एक्का. मग हातातून छोटं पान डमीकडे. डावीकडच्यानं छोटं टाकलं तर राजा नको, नव्वी लावा. चार हुकूम डावीकडे असले तरी एकच हात जातो. दुसऱ्या हुकमाला डावीकडच्यानं दुसराच रंग टाकला तर राजा घ्या आणि डमीतून गुलामाकडे खेळा. तरीही एकच जातो. पाच हुकूम ४–१ फुटण्याची शक्यता सुमारे २८ टक्के आहे, तेव्हा हा विमा काही वाया जात नाही.

पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत, जिथे निकाल बाकीच्या टेबलांशी ताडतात) हेच पान उलटं खेळतात: आधी राजा, मग डमीतून छोटं खेळून गुलामाची फिनेस (राणी उजवीकडे धरून गुलाम लावणं). ३–२ फुटून राणी उजवीकडे असेल तर एकही हात जात नाही आणि जास्तीच्या हातानं बाकीच्या टेबलांना मागे टाकता येतं. पण डावीकडे राणी-दश्शीसह चार हुकूम निघाले की दोन गेले.

टीममध्ये जास्तीच्या हाताची किंमत ३० गुण, म्हणजे १ आय.एम.पी. व्हल्नरेबल करार बुडाला आणि दुसऱ्या टेबलावर झाला तर ६२० अधिक १०० असा ७२० चा फरक, म्हणजे १२. एकासाठी बारा पणाला लावू नयेत. आधी कोणता प्रकार खेळतोय ते ठरवा आणि मगच सराव करा, नाहीतर नाना पेअर्सचं खेळतील आणि आई टीमचं.

---

जळगावची_सून

दोघांचेही मनापासून आभार. नानांना हुकमाचा हा डाव टेबलावर मांडून दाखवला, त्यांनी लगेच वहीत उतरवून घेतला. फक्त चौघांत सराव कसा करायचा आणि ‘हं’चं काय, एवढं राहिलं.

---

किलवरदुर्री, भुसावळ

‘हं’ आणि आवाजाबद्दल मी स्पष्टच लिहितो, कारण घरच्या टीमचा खरा धोका तोच आहे.

भिडूच्या बोलण्याच्या ढंगातून, थांबण्यातून, चेहऱ्यावरून जे कळतं ती नियमांच्या भाषेत अनधिकृत माहिती. डुप्लिकेटच्या नियमावलीत १६ वा आणि ७३ वा नियम त्यासाठीच आहे. विचार करायला वेळ घेणं हा गुन्हा नाही. भिडूच्या त्या थांबण्यानं जी बोली सुचते ती कमी पानांवर उचलणं चुकीचं. उदाहरण घ्या: समोरच्यांनी चार बदाम म्हटलं, नाना अर्धा मिनिट थांबून पास झाले आणि मग आईंनी बेताच्या पानांवर चार इस्पिक म्हटलं. समोरचे डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावणार. पास हा तितकाच योग्य पर्याय असेल तर डायरेक्टर स्कोअर बदलणार. त्यात नाना-आईंनी ठरवून काही केलं की नाही हा प्रश्नच नसतो, म्हणून अपमान वाटून घेऊ नये. चाळीस वर्षांच्या संसारात भिडूचा श्वासही ओळखता येतो, आणि इथे नेमका तोच बाजूला ठेवायचा असतो.

यावर एकच उपाय आहे. आजपासून घरातसुद्धा तोंडी बोली बंद. बिडिंग बॉक्स (बोलीच्या छापील कार्डांचा डबा) आणा. उडी मारून बोलायचं असेल तर आधी ‘स्टॉप’ कार्ड, आणि पुढच्यानं पानं काहीही असोत, दहा सेकंद थांबायचं. चुकून बॉक्समधून भलतंच कार्ड निघालं तर भिडूनं पुढची बोली करेपर्यंत बदलता येतं, पण हात चुकला असेल तरच. विचार बदलला म्हणून नाही.

पडलेलं पान: बचाव करणाऱ्याचं पान भिडूला दिसेल असं पडलं तर ते पेनल्टी कार्ड होतं, टेबलावर उघडं राहतं. डिक्लेररच्या (करार खेळणाऱ्याच्या) पानाला ती शिक्षा नाही. रंग असून दिला नाही आणि तुमच्या बाजूनं पुढच्या हाताला पान खेळलं तर चूक पक्की, त्यानंतर डायरेक्टर परिस्थिती बघून एक किंवा दोन हात समोरच्यांना देतो. पहिली उतारी नेहमी पालथी ठेवायची, भिडूनं ‘विचारायचं काही नाही’ म्हटल्यावरच उलटायची. पाळी नसताना उतारी करण्याची चूक त्यानं जवळजवळ संपते. आणि काहीही झालं तरी आपापसात मिटवायचं नाही. डायरेक्टरला हाक मारणं म्हणजे तक्रार नव्हे.

चौघांत सराव होतो, आणि चांगला होतो. एक म्हणजे नुसत्या बोलीचा. पत्ते नीट पिसून चार वाटे करा, उत्तर-दक्षिणेची पानं दोन चिठ्ठ्यांवर उतरवा. असे वीस डाव तयार करा. एक जोडी ओसरीवर, दुसरी आतल्या खोलीत, दोघांनी तीच पानं बोलायची, समोरचे पास आहेत असं धरून. मग वह्या शेजारी ठेवा. जिथे करार वेगळा आला तिथेच चर्चा. तासाभरात वीस डाव होतात, पत्ते खेळत बसलात तर जेमतेम आठ.

दुसरं, ब्रिज बेस ऑनलाइनवर चौघांनी एका टेबलावर बसायचं. तीच पानं इतर टेबलांवरही खेळली जातात आणि तुमचा निकाल त्यांच्याशी आय.एम.पी. त ताडून मिळतो. चार मोबाईल, चार खोल्या. एकाच पलंगावर बसून खेळलात तर उपयोग शून्य.

---

आडवा_पत्ता, अमळनेर

जोड्यांबद्दल तापीकाठ भाऊंशी माझं पूर्ण जमत नाही. पद्धत जुळते म्हणून नवरा-बायको एकत्र, असं आपोआप ठरवू नका. इंग्लंडच्या हॅकेट कुटुंबात वडील पॉल आणि जुळे मुलगे जेसन-जस्टिन असे तिघंही वरच्या पातळीवरचे खेळाडू, आणि तिथे जुळे भाऊ एकमेकांचे भिडू. कोणाचं कोणाशी टेबलावर जमतं हे नात्यावरून कळत नाही.

वहीवरून ठरवा. घरात कोण जिंकतं ते लिहू नका, रबरमध्ये पानं कुणाला चांगली आली यावर सगळं असतं. प्रत्येक जोडीच्या चुका चार रकान्यांत लिहा: बोली, उतारी, डिक्लेररचा खेळ, बचाव. दोन्ही प्रकारच्या जोड्या लावून निदान साठ-साठ डाव होऊ द्या. बोली आणि बचाव या दोन रकान्यांत जिच्या चुका कमी, ती जोडी. डिक्लेररचा खेळ एकट्याचा असतो, त्यात भिडू बदलून काही फरक पडत नाही.

डाव चालू असताना भिडूच्या चुकीवर एक शब्द नाही, सोळा बोर्ड संपल्यावर वही उघडायची. आई-नानांसमोर सुनेनं चूक कशी दाखवायची हा संकोच असतो, वहीत लिहिलेलं असलं की तो राहत नाही.

पत्ते हाताळायचं वळण आत्ताच लावा. डुप्लिकेटमध्ये पानं मध्ये टाकत नाहीत, आपापल्या पुढ्यात ठेवतात. जिंकलेल्या हाताचं पान भिडूच्या दिशेला उभं, हरलेल्याचं आडवं. शेवटी मोजणी त्यावरच होते. पानं बघण्याआधी पालथी मोजायची, तेराच हवीत. बारा-चौदा निघाली तर बघायच्या आतच डायरेक्टर. डाव संपल्यावर पानं आपल्याच खिशात परत. उत्तरेची पानं पूर्वेच्या खिशात गेली की दुसऱ्या टेबलाचा तो बोर्ड बाद होतो.

मोठ्या स्पर्धांच्या वरच्या फेऱ्यांत भिडूंमध्ये पडदा असतो, त्याची सवय घरीच करता येते. रावेर-सावद्याकडे केळी भरायची जी पुठ्ठ्याची खोकी मिळतात ती उलगडून टेबलावर कर्णात उभी करा, टेबलापासून दोनेक फूट उंच. उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या. खाली मधोमध वीतभर उंच खिडकी कापा. बोलीची कार्डं स्टीलच्या ताटात ठेवून ताट त्या खिडकीतून सरकवायचं. ताट नेहमी दोघांच्या बोल्या झाल्यावरच सरकवा, म्हणजे पलीकडच्यांना नक्की कोण थांबलं ते कळत नाही. उतारी झाल्यावर खिडकीतून डमी दिसली पाहिजे, पण भिडूचा चेहरा दिसता कामा नये, एवढं बघून कापा.

पत्ते प्लॅस्टिकचे घ्या. उन्हाळ्यात कूलरच्या ओलीनं कागदी पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि चौदावं पान तिथूनच येतं. टेबलावर जाड बनात किंवा जुनी सतरंजी अंथरा. सनमायक्यावर पान उचलताना नख लागतं, कडा वाकते आणि मग ते पान पाठीवरूनच ओळखू येतं.