अर्टिगा उंच करण्याआधी

अर्टिगाला स्पेसर (स्प्रिंगपाशी बसणारे, उंची वाढवणारे ठोकळे) घालून ती 50 मिलिमीटर उंच करावी आणि छतावर तंबू बसवून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुटुंबासह मुक्कामाला जावे, हा आपला बेत मनापासून आवडला. मात्र स्पेसरबाबत कळकळीने थांबवावेसे वाटते. या गाडीची पुढची चाके ओढणारी आहेत, त्यामुळे पुढची बाजू जितकी उचलाल तितका ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा दांडा, तिरका होतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून चढ चढताना बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे त्या दांड्याच्या चाकाकडच्या सांध्यावर, ताण येतो. माझ्या गाडीत या सांध्यांवरचे, आतले ग्रीस झाकणारे रबरी बूट असेच फाटले. रिमच्या आत ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले, तोवर तांबडी माती आत शिरून ग्रीस खरखरीत झाले होते आणि प्रत्येक वळणावर कटकट ऐकू येत होती.

त्यापेक्षा इंजिनाखाली पोलादी गार्ड लावावा आणि मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्यावेत. चिखलात हवा 32 वरून 22 पीएसआयपर्यंत उतरवली की पकड लगेच सुधारते. डांबरी रस्त्यावर परतताच ती पुन्हा भरायला छोटा कंप्रेसर हवाच. छतावरच्या वजनाने गाडी वळणावर कलते, म्हणून तिसरी रांग पाडून त्यावर प्लायवूडची फळी आणि गादी टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते. रचनेत मोठा बदल करायचाच असेल, तर गाडीतील बदलांविषयीचे मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 आधी पाहावे. आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, तेव्हा वाळूतला सराव तिथे करू नये.