आगरातली वाट कशी आखलीत? तुमचे अनुभव लिहा

गुहागर तालुक्यात घर बांधून होत आलंय. बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) पडवीपर्यंत, पडवीतून विहिरीकडे आणि मागे आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, उतरणारी अशा वाटा करायच्या आहेत. गवंडी म्हणतो पेव्हर ब्लॉक टाका, भाऊ म्हणतो जांभा दगडच हवा, आई म्हणते आधी एक पाऊस जाऊ दे. कृपया इंटरनेटवरचे फोटो नकोत, तिथे हिरवळीवर कधी पाऊसच पडलेला नसतो. कोकणात स्वतःच्या घरी वाट केलेल्यांनीच लिहा.

दापोलीहून
आईचं ऐका. आम्ही पहिला पावसाळा काहीच केलं नाही. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं आणि घरातली माणसं कुठून चालतात, एवढंच बघितलं. विहिरीकडे जायला कागदावर छान वळणाची वाट काढली होती, पण सगळे जास्वंदीच्या बाजूने सरळच जायचे. गवत तुडवून आपोआप पट्टा पडला, दिवाळीनंतर त्यावरच फक्की मारून आखणी केली.

जांभाच वापरला. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो, म्हणून आणल्या आणल्या बसवू नका. खाली खडी दाबून घेतली, वर चिऱ्याचा चुरा, मग चिरे. दोन्ही कडांना उभे चिरे गाडले, नाहीतर मधले हळूहळू बाहेर सरकतात. सांध्यांत सिमेंट नाही, चुराच भरला, त्यामुळे पाणी खाली मुरतं. उतार फुटाला पाव इंच, आणि तो घराच्या उलट दिशेला. समुद्राची वाळू कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिच्यातलं मीठ चिऱ्यात उतरतं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच: वाट पागोळ्यांच्या रेषेखाली आणू नका. कौलांवरून पडणारी धार चार महिने एकाच जागी पडते. सांध्यातला चुरा वाहून जातो आणि तांबडे शिंतोडे भिंतीवर पार गुडघाभर चढतात. आमची वाट भिंतीपासून चांगली तीन फूट लांब आहे.

मालवणहून
आमचं घर उतारावर, त्यामुळे वाट म्हणजे पाखाडीच. ठेकेदाराने जागा वाचवायला नऊ-नऊ इंचांच्या पायऱ्या काढल्या. आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, "माका ही पायरी चढाक जमाची नाय." सगळं उकरून पुन्हा केलं: उंची सहा इंच, पाऊल ठेवायला चौदा. आता आजी घागर घेऊन चढते. घेऊ नको म्हटलं तरी घेते.

श्रीवर्धनहून
माडाच्या बुंध्यालगत वाट नको, आळ्याला जागा सोडा. खत-पाणी तिथेच घालायचं असतं आणि वरून नारळ-झावळ्या पडतात ते वेगळंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या. आगरातल्या वाटा एवढ्या चिंचोळ्या, की तोडलेली खोडं बाहेर काढायला हातगाडीही आत जाईना, सगळं खांद्यावरून काढलं. तेव्हापासून आमची मुख्य वाट पाच फुटी आहे. विहिरीकडची दोन फुटांची ठेवलीत तरी चालेल.

राजापूरहून
शोभेसाठी वाटेच्या कडेला सुट्या दगडांची रास नको. फुरसं (विषारी साप) तिथेच बसतं, आणि रंग असा की दिसतही नाही. दोन्ही बाजूंचं गवत हातभर कापलेलं ठेवा, दिवा खाली लावा.

वेंगुर्ल्याहून
शेवाळ्याचं कोणीच लिहिलं नाही! जांभा पाणी धरून ठेवतो, श्रावणापर्यंत हिरवा होतो. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो, पण ते पाणी झाडांच्या मुळाशी जाऊ देत नाही. कामाच्या गर्दीत वेळ नसेल तर सरळ झावळ्या पसरतो, पूर्वीपासूनचा उपाय. गुळगुळीत कडप्पा मात्र बाहेर कुठेही नको. जावई घसरला तेव्हा घरच्यांना हसू आवरेना, डॉक्टरांकडे गेल्यावर गप्प झाले.

संगमेश्वरहून
पेव्हर अगदीच वाईट नाहीत. गाडी उभी करायच्या जागी आमचे नीट राहिलेत, कारण खाली जाड खडी आहे. नुसत्या तांबड्या मातीवर टाकले की चाकांच्या दोन चऱ्या पडतात. आणि रुंदी ठरवताना गणपती आठवा. मूर्ती घेतलेला माणूस, बाजूला छत्री धरणारा, दोघे एका वेळी बेड्यातून आत आले पाहिजेत.

धागाकर्ता
गणपतीचं डोक्यातच नव्हतं. म्हणजे बेडंसुद्धा रुंद करावं लागणार, उद्याच गवंड्याला थांबवतो. दापोलीकर, पागोळ्या पडतात तिथे तुम्ही काय टाकलंत, खडी की गोटे?

दापोलीहून
नदीतले मोठे गोटे. बारीक खडी धारेने उडून अंगणभर होते. गोट्यांच्या खाली उथळ चर काढून तो माडाच्या आळ्याकडे वळवा.