आयबीएस आणि आहार : काय सोडलं, काय परत सुरू केलं?

आयबीएसचं (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दिसण्याजोगा बिघाड नसताना पोटदुखी, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता) निदान झालं की हातात पहिल्यांदा पडते ती 'हे खाऊ नका'ची यादी. ती यादी पुढे लहान कशी करायची, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ज्यांनी खाण्यापिण्यात बदल करून पोट ताब्यात आणलं आहे, निदान तसा मनापासून प्रयत्न केला आहे, त्यांनी इथे सविस्तर लिहावं. नुसतं काय सोडलं ते नको. काय परत सुरू केलं, किती प्रमाणात, आणि कशाचा काहीच उपयोग झाला नाही, तेही लिहा. सुरुवात मी करते.

माझा त्रास जुलाबाचा. सकाळी उठल्याउठल्या बेंबीखाली पिळवटून टाकणारा मुरडा, मग लागोपाठ खेपा, जाऊन आलं की तात्पुरतं बरं. संध्याकाळपर्यंत पोट टम्म. तपासण्या सगळ्या नीट आल्या, तेव्हा डॉक्टरांनी आयबीएस सांगून आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी फॉडमॅप समजावलं. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, त्यांना मिळून हे नाव आहे. गहू, कांदा, लसूण यांतली फ्रुक्टान्स, कडधान्यांतली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, दुधातलं लॅक्टोज, सफरचंद आणि मधातलं जास्तीचं फ्रुक्टोज, शुगर-फ्री च्युइंगममधलं सॉर्बिटॉल ही त्यातली. यातली काही आतड्यात पाणी ओढतात, उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि वायू धरतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, म्हणून तेवढ्याच ताणाने आपल्याला कळा येतात. हे कळलं आणि मला फार हलकं वाटलं. म्हणजे कांद्याने माझं आतडं खराब होत नव्हतं, त्याला फक्त तेवढा कांदा सोसत नव्हता.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेल्या या पद्धतीचे टप्पे तीन. आधी दोन ते सहा आठवडे हे सगळे गट कमी करायचे. मग एकेक गट परत आणून बघायचा. शेवटी जे सोसतं ते सगळं खायचं. लोक पहिल्याच टप्प्यात वर्षानुवर्षं अडकतात, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. तो टप्पा मुक्कामाला नाही. फार काळ तसं राहिलं तर आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचंही खाणं तुटतं.

माझी कांद्याची चाचणी सांगते, म्हणजे अंदाज येईल. बाकीचं जेवण रोजचं, त्यात बदल नाही. पहिल्या दिवशी भातासोबत चमचाभर परतलेला कांदा : काही नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट : थोडी गुरगुर. तिसऱ्या दिवशी पाव कांदा : रात्री पोट फुगलं, सकाळी मुरडा. मग पोट शांत होईपर्यंत थांबून पुढचा गट. वहीत पदार्थ, प्रमाण, वेळ आणि शौच कशी झाली एवढंच लिहायचे. आज चमचाभर कांदा मी बिनधास्त खाते. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो. लसणीच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकते. फ्रुक्टान्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही, त्यामुळे स्वाद तेलात उतरतो आणि त्रास पाकळीबरोबर बाहेर जातो. पाणी घातल्यावर मात्र ही युक्ती चालत नाही.

---

माझं अगदी उलट, बद्धकोष्ठतेचा आयबीएस. लेंड्यांसारखे खडे, कुंथून कुंथून दमायला व्हायचं, आणि पोट साफ झाल्याचं समाधान कधीच नाही. सगळ्यांचा सल्ला एकच : तंतुमय खा, कोंडा खा. गव्हाच्या कोंड्याने माझं पोट ढोलासारखं व्हायचं.

तंतूही दोन तऱ्हेचे असतात, हे आहारतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. कोंड्यातले तंतू बहुतांशी न विरघळणारे, आणि आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना त्यांनी त्रास वाढतो. इसबगोल पाण्यात विरघळून गुळगुळीत होतं आणि मळ मऊ ठेवतं. ते अर्ध्या चमच्यापासून सुरू केलं आणि दर आठवड्याला जरा जरा वाढवलं. एकदम भरपूर घेतलं तर त्यानेही वायू धरतो. पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कोरडं गिळायचं नाही, घशात अडकू शकतं. जोडीला रोज दोन किवी. वाटलेली जवस ओट्सवर घालतो, चमचाभराच्या वर नाही. फरक हळूहळू पडला, पण टिकला.

---

जे कोणी आज गहू सोडायच्या बेतात आहेत त्यांनी कृपया आधी हे वाचा.

मलाही लक्षणांवरून आयबीएसच वाटत होता. गहू बंद करणार होते, पण डॉक्टरांनी थांबवलं आणि आधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं, तो आजार) रक्ततपासणी करायला लावली. ती पॉझिटिव्ह आली, पुढे दुर्बिणीने घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यातही तेच दिसलं. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच खरी येते. आधीच सोडला असता तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकली असती. सिलिअॅकमध्ये प्रमाण शोधत बसायचं नसतं, ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद. दोन्हींचे रस्ते इतके वेगळे आहेत.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, अॅनिमिया, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

---

माझ्याकडे दुधाचं एकच उत्तर निघालं. लॅक्टोजविरहित दूध आणि कडक चीज चालतं, साधं दूध पेलाभर घेतलं की दोन तासांत पळापळ. चहातलं थोडं दूध काही करत नाही. बाकी सगळं खातो. सगळ्यांनाच मोठ्या यादीची गरज नसते.

---

मी मुलीबद्दल लिहिते आहे. शाळकरी वय, परीक्षा आली की पोटात कळा. कुठूनतरी यादी मिळाली आणि तिने एकेक पदार्थ ताटातून काढायला सुरुवात केली. दुखणं थोडं कमी झालं, पण ती जेवायलाच घाबरू लागली. मैत्रिणीकडे गेली तर उपाशी परत यायची. वजन उतरलं. आहारतज्ज्ञांनी ताबडतोब सगळी बंधनं काढली. वाढत्या वयात, किंवा खाण्याची भीती बसलेल्या माणसाला अशी कडक पथ्यं द्यायची नसतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्याऐवजी साध्या गोष्टी दिल्या. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, न्याहारी चुकवायची नाही, एकदम पोटभर खाण्याऐवजी थोडं थोडं, सावकाश. फार तेलकट आणि गॅसवाली पेयं कमी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पायरी हीच आहे, त्यात चहा-कॉफी दिवसाला तीन कप आणि ताजी फळं दिवसाला तीन भागांपुरती (वाटीभर नव्हे, एक भाग म्हणजे साधारण ८० ग्रॅम) अशीही मर्यादा आहे. मोठं, तेलकट जेवण पोटात गेलं की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, हळव्या पोटाला तेच जड जातं. मुलीला एवढ्यानेच बराच आराम पडला. आता ती कांदा, गहू, दूध सगळं खाते. आयांना मनापासून सांगते, मुलांच्या हातात नुसती यादी देऊ नका.

---

आहाराने मला फारसा उपयोग झाला नाही, हेही इथे नोंदलं जावं. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिन्ही टप्पे नीट पार पाडले. फुगणं कमी झालं, दुखणं नाही. माझा आयबीएस एका जोरदार जुलाबाच्या संसर्गानंतर सुरू झाला होता. संसर्ग गेला तरी आतडं हळवं राहतं, असं काहींच्या बाबतीत होतं. मला शेवटी आराम मिळाला तो आतड्यावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहन उपचाराने. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता, म्हणजे हे काही नवं खूळ नाही. दुखणं खरं असतं, मेंदू आणि आतड्यातला संवाद बिघडलेला असतो, आणि तो दुरुस्त करायला मदत होते. पथ्य पाळूनही बरं वाटत नसेल तर स्वतःला दोष देत आणखी पदार्थ सोडू नका, दुसरा मार्ग विचारा.

---

किवीबद्दल लिहिलंत त्यांना विचारायचं होतं, केळं चालतं का? आणि डाळी पूर्ण सोडल्या तर प्रथिनांचं काय?

---

ही चर्चा सुरू करणारी मीच उत्तर देते, दोन्ही मी करून बघितलं आहे. केळं थोडं कच्चट असेल तर सहसा सोसतं. पिकून ठिपके पडले की त्यातली फ्रुक्टान्स वाढतात, मग अर्धंच खाते. डाळी आणि कडधान्यं पूर्ण सोडायची गरज नाही. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवून तेही काढून टाकायचं, त्रासदायक साखरा बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर जातात. मग पाव वाटीपासून सुरुवात. अंडी, मासे, घट्ट टोफू यांत तो प्रश्न फारसा येत नाही.

अजून एक, पाकिटातल्या 'हाय फायबर' बिस्किटांचं आणि बारचं लेबल उलटून बघा. त्यात बऱ्याचदा इन्युलिन किंवा चिकोरीच्या मुळाचा अर्क असतो, ती फ्रुक्टान्सच आहेत. तयार मसाल्यांत आणि सूपच्या पाकिटांत बऱ्याचदा लसूण पावडर असते. माझ्या वहीत एकदा सगळं नीट असूनही मुरडा आला, तेव्हा कारण अशा एका सूपच्या पाकिटावर सापडलं. तुम्ही भिजवलेल्या डाळीची चाचणी केलीत तर किती प्रमाणाला काय झालं ते जरूर लिहा.