धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे असं सांगत आलो, पण आता प्रश्न पडलाय

गेली सात-आठ वर्षं कोणी विचारलं की मी सांगतो, मी धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे. रोज सकाळी अ‍ॅप लावून २० मिनिटं ध्यान. बाबांची मात्र ठरलेल्या वेळी ठरलेली प्रार्थना, एक शब्द इकडचा तिकडे नाही, मला ते कायम घोकंपट्टीसारखं वाटत आलं. मागच्या महिन्यात आई आयसीयूत होती, रात्री बाहेर बाकड्यावर आम्ही दोघंच. मी डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला गेलो तर दोन मिनिटंही जमेना, छातीत नुसती धडधड. बाबांचे ओठ हलत होते, आवाज नाही, अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक सरकत होता आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झालेला मला शेजारून कळत होता. आई आता बरी आहे, घरी आलीये. पण ज्याला मी नावं ठेवली ते ऐनवेळी कामी आलं आणि माझं ध्यान नाही, हे डोक्यातून जात नाहीये. पूर्ण विश्वास नसताना प्रार्थना सुरू केली तर ते ढोंग होईल का?

प्रतिसाद १
ढोंग कशाला? श्वास संथ झाला हे तुम्ही बरोबर टिपलंत. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूम्' म्हणायला लावलं, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. धर्म वेगळे, भाषा वेगळी, लय तीच. अर्थात बाबा काही श्वास मोजायला बसत नाहीत, त्यांचं कोणाशी तरी बोलणं चालू असतं, ते त्यात धरलेलं नाही.

प्रतिसाद २
मी उलट बाजूने आलेय. आमच्या घरी उपासना एक दिवस चुकली नाही आणि त्याच तोंडाने दिवसभर माणसं तोडली जायची, म्हणून मी सगळंच सोडलं. पण नुसतं ध्यान करणारीही तेवढीच कोरडी माणसं पाहिली. अमेरिकेतला १९७३ सालचा प्रयोग वाचा. धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत बोलायला पाठवलं, काहींचा विषय वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या वाटसरूची बायबलमधली गोष्ट हाच, आणि वाटेत मुद्दाम एक माणूस कण्हत बसवलेला. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के मदतीला थांबले, हातात वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के. कोण कशासाठी धर्म पाळतो यावरून कोण थांबेल हे सांगताच आलं नाही, फरक पडला तो घाईने! तेव्हापासून मी कोण काय मानतं ते विचारत नाही, घाईत असताना कसं वागतं ते बघते, स्वतःचंसुद्धा.

प्रतिसाद ३
गीतेच्या आठव्या अध्यायात 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते' असं आहे. स्वभाव रोजच्या सवयीने मुरतो, बाबांची ती सवय किती वर्षांची आहे ते त्यांनाच विचारा ना.

मूळ प्रश्नकर्ता
विचारलं काल. म्हणाले ४० वर्षं, त्यातली पहिली काही तर आजोबांच्या धाकाने, काही वाटायचं नाही. मग मी शेजारी बसलो, त्यांच्या मागून म्हणत गेलो, दुसऱ्या ओळीतला एक शब्द मी लहानपणापासून चुकीचा म्हणतोय हे कळलं, त्यांनी तो तीनदा म्हणून घेतला.