प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेट मिळालं. आता महिला उद्योजक क्लबची फी भरू का? (सांगली)

भडंगवाली_विश्रामबाग

नमस्कार. विश्रामबागला माझा भडंग आणि लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. हाताखाली तिघीजणी. गणपती पेठेतली काही दुकानं, दोन कँटीन आणि दिवाळीत पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी, एवढाच पसारा.

गेल्या वर्षी एका संस्थेचं उद्योजकता प्रशिक्षण केलं. रोजमेळ, मालाची किंमत काढणं, नफा-तोटा पत्रक. शिकवलं चांगलं, नाही म्हणत नाही. रोजमेळ अजून लिहिते, पण त्यातला आकडा काही हलला नाही!

आता एका मैत्रिणीने महिला उद्योजकांचा क्लब सुचवलाय. वर्षाला आठ हजार. महिन्यातून एकदा हॉटेलात नाश्ता, प्रत्येकीने एक मिनिट ओळख करून द्यायची, कार्डं वाटायची. मिस्टर म्हणतात, तेवढ्यात शेंगदाण्याचं पोतं येतंय. सासूबाईंचं वेगळंच, "बायका-बायका जमून कुठं धंदा होतो व्हय?"

अशा गटांचा खरंच उपयोग होतो का, की फोटोपुरतं? आणि तिथे भडंगच करणाऱ्या आणखी दोघी आहेत. त्यांच्यासमोर गिऱ्हाइकं आणि दर बोलायचे कसे?

वाळव्याची_माई

ताई, फी भरायच्या आधी जरा ऐका. लांबचं आहे, पण कामाचं आहे.

आमचे हे साखर कारखान्यावर केमिस्ट. आपल्या भागातली बरीच मंडळी या कामासाठी आफ्रिकेत गेली, तसे आम्हीही केनियात होतो, किसुमूजवळच्या ऊसपट्ट्यात. कॉलनीत दिवस जाता जात नव्हता म्हणून मी शेव-चकली करून किसुमूतल्या गुजराती दुकानांना द्यायला लागले. माझे कपडे शिवणारी जी बाई होती, तिने मला तिच्या 'चामा'त नेलं. चामा म्हणजे भिशीच. घानात त्याला सुसू म्हणतात, इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकव्हेल. आपली भिशी नंबर लागला की उठते. यांचं खरं काम पैसे मोजून झाल्यावर सुरू व्हायचं.

किसुमूतल्या किबुये बाजाराच्या मागे एक खोली होती. त्यात ओमेना म्हणजे तलावातली बारीक सुकी मासळी विकणारी, जुने कपडे विकणारी, चहा-चपातीवाली, सलूनवाली, शिंपीण आणि मी. उशिरा येणारीला दंड, तोही जागेवर मोबाइलवरून खजिनदाराकडे. मग खजिनदार वहीचं मागचं पान उघडायची. गेल्या खेपेला कोण काय करीन म्हणाली होती ते तिथे लिहिलेलं असे. नाव घेऊन विचारायची, केलंस का? नसेल तर का नाही?

ओमेनावाली सगळ्यांसारखीच गोरोगोरोने विकायची, म्हणजे दोन किलोच्या पत्र्याच्या डब्याने. बाजारात शेजारी तोच माल, तेच माप, तोच भाव. एकदा सलूनवाली म्हणाली, "मी अंधार पडल्यावर घरी जाते. तेव्हा ती मासळी निवडायची कोणी आणि तळायची कधी?" वहीत लिहिलं गेलं: निवडून, तळून, कागदाच्या पुड्या, संध्याकाळी मटाटूच्या, म्हणजे तिकडच्या वडाप गाड्यांच्या थांब्यावर. पुढच्या बैठकीला बाई आली तीच खर्च किती आणि उरले किती ते सांगत. शेजारच्या मासळीवाल्या तिला हे सुचवणार नव्हत्या. त्या सगळ्या डब्यानेच विकत होत्या.

तुमच्या रोजमेळाच्या तक्रारीचं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात सापडतं. लोमे शहरात 1,500 छोट्या धंदेवाल्यांचे तीन भाग केले. एकाला नेहमीचं हिशेब-मार्केटिंगचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घ्यायचं, म्हणजे इतरांपेक्षा वेगळं काय करता येईल ते शोधायचं, अडचण यायच्या आधी तयारी ठेवायची, आणि तिसऱ्याला काहीच नाही. 2017 साली निकाल छापून आला. पुढाकारवाल्यांचा नफा 30 टक्के वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा 11 टक्के दिसला, पण तोही खात्रीने म्हणता येईना इतका कच्चा. नुसत्या बायकांचं बघितलं तर पुढाकारवाल्यांचा 40 टक्के, नेहमीच्या प्रशिक्षणवाल्यांचा 5. शिवाय वर्ग संपल्यावर प्रशिक्षक काही महिने प्रत्येकाच्या धंद्यावर जाऊन भेटत होते. तुमच्याकडे प्रशिक्षणानंतर कोणी फिरकलं का?

त्यामुळे क्लबात विचारा, मागच्या महिन्याचं पान कोणी उघडतं का. नसेल तर आठ हजाराचा नाश्ता महाग पडेल.

माणदेशी_वारं

मी माण-खटावात बचत गटांना प्रशिक्षण देते. माई, तुमची वही आवडली, उचलणार आहे. पण गटाचं फार कौतुक नको, म्हणून तुमच्या केनियातलंच सांगते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बायकांसाठीचा धंद्याचा कोर्स तिथे गावोगावच्या बाजारांत घेतला गेला. पाहणीत 3,537 जणी होत्या. तीन वर्षांनी मोजलं तर प्रशिक्षण मिळालेल्यांची विक्री 18 टक्के आणि नफा 15 टक्के जास्त. नंतर त्यातल्या काहींना वरून मार्गदर्शनही दिलं. त्याने जास्तीचं काही पडलं नाही. ताई, तुम्ही वर्षभरातच वैतागलात, तिकडचे हे आकडे तीन वर्षांनंतरचे आहेत.

भडंगवाल्या दोघींबद्दल: त्याच पाहणीत हेही तपासलं होतं, की शिकलेल्या बायकांनी शेजारणीचं गिऱ्हाईक ओढलं का. तसं दिसलं नाही, बाजारच वाढला. तरी मसाल्याचं प्रमाण सांगत बसू नका म्हणा, ते काही कुठल्या अभ्यासात येत नाही!

सासूबाईंसाठी जवळचं उदाहरण. अहमदाबादला सेवा बँकेच्या, म्हणजे कष्टकरी बायकांच्या सहकारी बँकेच्या, खातेदार बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, काहींना एकटीला, काहींना मैत्रिणीला घेऊन. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी जास्त कर्ज काढलं, ते धंद्यात घातलं, आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही जास्त निघालं. ज्यांच्या घरी बाईने बाहेर पडण्यावर बंधनं जास्त, त्यांना फायदाही जास्त. आमच्या म्हसवडला 1997 साली चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली, पुढे बायकांची धंद्याची शाळा बसमध्ये घालून गावोगाव नेली. तिथेही शेजारणीचा हात धरून येणाऱ्या खूप दिसतात.

भडंगवाली_विश्रामबाग

दोघींचे आभार. सासूबाईंना अहमदाबादचं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग मलाच ने की मैत्रीण म्हणून." आता बोला!

माई, प्रशिक्षणानंतर कोणीही आलं नाही. एक फोन आला होता, फीडबॅक फॉर्मसाठी. क्लबातही वही वगैरे नाही, विचारलं मी. पण स्वतः गट करायचा तर कोणाला घेऊ? ओळखीच्या सगळ्या पापड, मसाला, शेवया करणाऱ्या.

वाळव्याची_माई

सासूबाईंना खरंच न्या, उधारी वसूल करायला त्यांच्यासारखं माणूस नाही.

सगळ्या पापड-मसाल्यावाल्या नकोत. आणि सगळ्या बायकाच हव्यात हा हट्टही सोडा. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, कटवे भागातल्या वर्कशॉपमधल्या बायकांचा अभ्यास झालाय. वेल्डिंग, सुतारकाम अशा 'पुरुषी' धंद्यात शिरलेल्या बायका नेहमीच्या बायकी धंद्यातल्यांच्या जवळपास तिप्पट कमावत होत्या, म्हणजे पुरुषांच्या बरोबरीने. कौशल्य बाकीच्यांकडेही असेल, पण यांना वाट दाखवणारा कोणीतरी त्या धंद्यात आधीपासून होता. बहुतेकींच्या बाबतीत तो पुरुष होता.

तुमच्या बाबतीत तो पॅकिंगचे पाउच छापणारा असेल, नाहीतर चिरमुऱ्याच्या भट्टीवाला. सांगलीची भडंग घरगुती करणारे बरेच जण पारदर्शक पिशवीत मेणबत्तीने नाहीतर सीलरने बंद करून देतात, दोन-तीन आठवड्यांत चिरमुरे मऊ पडतात. हवाबंद पाउचला किती खर्च, कमीत कमी किती नग छापावे लागतात, पुण्याच्या दुकानदाराला किती दिवसांची मुदत लागते, हे पापडवालीला विचारून कळणार नाही. तेव्हा एक हळद-बेदाण्याची बाहेर पाठवणी करणारी, एक टिफिनवाली, एक ब्युटी पार्लरवाली, एक छापखानेवाला. पाच-सहा पुरे. भिशीचे पैसे थोडेच ठेवा, दंड मात्र सोडू नका.

भडंगवाली_विश्रामबाग

छापखानेवाले काका चुलत सासरेच लागतात, त्यांना दंड कसा लावायचा? बाकी तिघींशी बोलले, दोघी हो म्हणाल्यात. पाउचचा दर काढते आणि इथेच टाकते. माणदेशी ताई, तुमच्या गटांत उधारीचं काय ठरवता, तेवढं लिहा ना.